म्हाताऱ्या माणसांच्या ताटात या चुका करू नका

‘वय झालं, आता हलकंच बरं’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. या वाक्यापायी धडधाकट माणसं वाळत गेलेली मी पाहिलीत. त्यात पहिले माझे वडील.

कवळी बसवल्यावर बाबांनी आधी भाकरी सोडली, मग उसळी, मग पोळीही. आम्ही कौतुकाने गुरगुट्या भात आणि पातळ वरण वाढत राहिलो. संध्याकाळी चहात बुडवून दोन बिस्किटं. पोटाची तक्रार नाही, म्हणजे सगळं छान, असा आमचा समज. एक दिवस पाहिलं तर त्यांच्या लेंग्याच्या नाडीची टोकं नेहमीपेक्षा लांब लोंबत होती. पूर्वी गाठीखाली जेमतेम वीतभर उरायची. वजन केलं, ६१ चं ५३ झालेलं. खुर्चीतून उठायला दोन्ही हात टेकावे लागत होते. तपासण्यांत काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, स्नायू झिजलेत.

म्हातारपणी भूक कमी होते, प्रथिनांची गरज कमी होत नाही. वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला किमान ६० ग्रॅम. वाटीभर पातळ वरणातून जेमतेम चार-पाच मिळतात. आता मी मऊ देते, पण पाणचट देत नाही: मुगाचं घट्ट वरण, पिठलं, मुगाची धिरडी, दही, कुस्करलेलं अंडं, भाजीत दाण्याचं बारीक कूट. आणि तिन्ही वेळेला थोडं थोडं. जोडीला खुर्चीतून दहा वेळा उठबस. नाडी आखडायला चार महिने लागले. परगावाहून येऊन प्रोटीन पावडरचा डबा टेबलावर ठेवणाऱ्या आणि आठ दिवसांत ‘फरक पडला का?’ विचारणाऱ्या लेकरांना मी चहा देते, उत्तर देत नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर मात्र प्रथिनांचा आकडा डॉक्टरांनाच ठरवू द्या.

दुसरी माझी दुखरी नस म्हणजे मधुमेह आणि उपवास. आषाढी एकादशीला मावशीने सकाळी साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी घेतली आणि वर नुसता चहा. खिचडी तेलकट म्हणून नको. चारच्या सुमारास घामाने पातळ भिजलेलं, बोलणं असंबद्ध. शेजारीण म्हणाली, थकवा आलाय, झोपू द्या. नशीब, घरात साखर मोजायचा ग्लुकोमीटर होता: ४८, फारच खाली. शुद्धीत होती म्हणून तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी परत मोजली. शुद्ध नसती तर तोंडात काहीही न घालता सरळ दवाखाना. तेव्हापासून आमच्याकडे एकादशीचं कॅलेंडर आधी डॉक्टरांपुढे जातं. उपवास सोडा असं मी कुणाला सांगत नाही, सांगून कुणी ऐकतही नाही. पण साबुदाण्याला ‘हलका’ म्हणू नका. तो जवळपास निव्वळ पिष्ट आहे.

कमी सोडियमचं मीठ आपल्या मनाने सुरू करू नका. त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील, तर ते रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. मीठ पूर्ण तोडणंही तितकंच वाईट. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांचं सोडियम घसरतं आणि माणूस बरळायला लागतो.

इसबगोल कोरडं किंवा घोटभर पाण्याबरोबर कधीच नको.

कारल्याचा रस मधुमेहाच्या गोळीऐवजी नाही, आणि गोळीवर सवाई म्हणूनही नाही.

तहान लागेल तेव्हा पाणी देऊ, असं म्हणू नका. या वयात तहान कमीच लागते. मी सकाळी तांब्या भरून ठेवते आणि दुपारी त्यात डोकावते. रात्री उठावं लागतं म्हणून पाणी तोडणाऱ्यांनी सात वाजेपर्यंत तो संपवावा.

पाण्याने ठसका लागत असेल तर आडवं ठेवून भरवू नका, डॉक्टरांना सांगा.

थायरॉइडची गोळी चहाबरोबर नको. रिकाम्या पोटी, साध्या पाण्याने, आणि चहा तासाभराने. आईला तो तास अजून जड जातो, पण गोळी आता माझ्या उशाशी असते आणि चहाची पातेली मी लपवते.