चाळिशीत दातांना तारा लावायच्या?

वयाची अट नाही, हिरड्यांची मात्र आहे. दात हाडातून सरकतो. त्यामुळे ब्रश करताना रक्त येत असेल किंवा एखादा दात हलत असेल, तर आधी त्याचे उपचार, तारा नंतर. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवी. इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेला कृत्रिम दात, असेल तर तेही आधीच सांगा. ते हाडाला चिकटलेलं असतं, तारेने सरकत नाही.

डॉक्टर ऑर्थोडॉन्टिक्समध्ये, म्हणजे दात सरळ करण्याच्या शाखेत, एमडीएस (पदव्युत्तर पदवी) आहेत ना, हे विचारायला लाजू नका. एक्स-रे आणि दातांचे साचे घेण्याआधीच पॅकेजचे पैसे मागत असतील तर सरळ उठा. दात काढावे लागतील का, किती, हे विचारा. आणि शेवटी दात जागेवर धरून ठेवायला लागणाऱ्या रिटेनरचा खर्च त्यात धरलाय का? मी नेमकं हेच विचारलं नव्हतं.

साधारण दीड-दोन वर्षं जातात. तार घट्ट केली की दोन-तीन दिवस मऊ वरणभात. चिक्की, ऊस, मटणाची नळी विसरा. डब्यात मेथी असली की पान हमखास तारेत अडकतं, म्हणून खिशात फटींत जाणारा छोटा इंटरडेंटल ब्रश ठेवा.

तारांऐवजी दातांवर चढवायच्या प्लॅस्टिकच्या खोळी, म्हणजे पारदर्शक अलाइनर, चटकन दिसत नाहीत, पण दिवसाचे 20 ते 22 तास घालावे लागतात आणि चहासाठीही काढावे लागतात. तासातासाला कटिंग लागणाऱ्यांना तारच बरी.

तारा निघाल्यावर रात्री रिटेनर घालायचाच, तोही वर्षानुवर्षं. नाहीतर दात परत फिरतात. प्लॅस्टिकचा असेल तर गरम पाण्यात धुऊ नका, वाकडा होतो.