व्ही-ट्विन क्रूझर बाईक: नवी बॅटरी टाकूनही चार्जिंग होत नाही

लांब राईडनंतर सेल्फ मारला की नुसती टकटक. ५००० आरपीएमला बॅटरीवर जेमतेम १२.४ व्होल्ट. नवी बॅटरी, नवा रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग), तरी फरक शून्य. जाम वैताग आला.

दोष स्टेटरच्या (इंजिनमधल्या वीज तयार करणाऱ्या कॉइलच्या) तीन पिवळ्या वायरींच्या कपलरमध्ये, म्हणजे जोडणीच्या प्लगमध्ये निघाला: एक पिन काळी, भोवतीचं प्लास्टिक वितळलेलं. पिन सैल झाली की रेझिस्टन्स वाढतो आणि तिथेच तापतं.

आधी कपलर सोडवून ५००० आरपीएमला दोन-दोन वायरींत एसी व्होल्टेज मोजलं: तिन्ही जोड्यांत सारखं, ५० च्या वर. इंजिन बंद करून वायर ते बॉडी कंटिन्युइटी (वीज जायला सलग वाट) तपासली, नव्हती. म्हणजे स्टेटर ठीक. मग बॅटरीची निगेटिव्ह काढली, कपलर कापला, चकचकीत तांबं दिसेपर्यंत वायरी मागे सोलल्या (काळ्या तांब्याला सोल्डर धरत नाही), हीट-श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) आधी सरकवून सोल्डर केलं. थ्री-फेज (तिन्ही वायरींत सारखाच एसी) असल्यानं कुठलीही पिवळी कुठल्याही पिवळीला चालते. आता ५००० ला १४.२ व्होल्ट.