भाषांतरं डेटाबेसमध्ये ठेवा, पण प्रत्येक लेबलसाठी क्वेरी नको

बटणं, लेबलं, एरर मेसेज यांची भाषांतरं फाइलमधून डेटाबेसमध्ये न्यायची ती एवढ्यासाठीच, की एक शब्द बदलायला डिप्लॉय (कोड पुन्हा सर्व्हरवर चढवणं) करावं लागू नये. डेटाबेस ही मजकूर दुरुस्त करायची जागा. पान दाखवताना तो कॅशमधूनच (पटकन वाचता येणाऱ्या तात्पुरत्या साठ्यातून) यायला हवा.

टेबल साधं ठेवा: भाषा, गट (उदाहरणार्थ चेकआउट), की (कोडमध्ये त्या मजकुराला दिलेलं नाव), मजकूर. पहिल्या तीन कॉलमवर मिळून युनिक इंडेक्स हवाच. नाहीतर एकाच कीच्या दोन ओळी होतात आणि त्यातली कुठली दिसेल याचा भरवसा नाही. मायएसक्यूएलमध्ये कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ घ्या. ३ बाइटवाल्या जुन्या यूटीएफ८ मध्ये देवनागरी व्यवस्थित बसते, त्यामुळे टेस्टिंगमध्ये काहीच कळत नाही; कुणीतरी ४ बाइटची इमोजी टाकतं तेव्हा गाडी अडते. कीच्या कॉलमला बायनरी कोलेशन (अक्षरांची तुलना तंतोतंत करायचा नियम) द्या, म्हणजे कॅपिटल-स्मॉलचा घोळ होणार नाही.

आता लोडिंग. भाषांतराचं फंक्शन दर वेळी थेट डेटाबेसकडे धावतं, ही हमखास होणारी चूक. पानावर १२० लेबलं असली तर १२० क्वेऱ्या! त्याऐवजी पहिली की मागितली की त्या भाषेचा तो अख्खा गट एका क्वेरीत उचला आणि रेडिससारख्या कॅशमध्ये ठेवा. कॅशच्या नावात व्हर्जन नंबर घाला, उदाहरणार्थ 'मराठी:चेकआउट:४७'. मजकूर सेव्ह झाला की ४७चा ४८ करा, पण ट्रान्झॅक्शन कमिट झाल्यावरच, म्हणजे बदल डेटाबेसमध्ये पक्का झाल्यावरच. आधी वाढवलात तर मधेच आलेली रिक्वेस्ट डेटाबेसमधून जुना मजकूर वाचते आणि तोच ४८च्या नावाने कॅशमध्ये ठेवते. मग ॲडमिनमध्ये नवा शब्द, साइटवर जुना, आणि तुम्ही भलतीकडेच शोधत बसता. ४७ची नोंद पुसत बसू नका, मुदत दिलेली असली की ती आपसूक जाते.

ब्राउझरला भाषांतरं जेसन स्वरूपात पाठवताना भाषा आणि व्हर्जन दोन्ही यूआरएलमध्येच घाला. मग ते वर्षभर कॅश झालं तरी बिघडत नाही.

मजकूर सापडला नाही तर आधी मूळ भाषा दाखवा, तीही नसेल तर की. रिकामी स्ट्रिंगही 'सापडला नाही' अशीच धरा. नाहीतर ॲडमिनमधला फॉर्म न भरता सेव्ह झाला की बटण कोरं दिसतं. वाक्यं तुकडे जोडून बनवू नका, कारण शब्दक्रम भाषेगणिक बदलतो. अनेकवचनासाठी 'एक' आणि 'अनेक' असे दोनच कॉलम केलेत तर अरबी आली की अडकाल: तिथे ६ रूपं लागतात, जपानीत एकच. आणि डेटाबेसमधला मजकूर आपलाच आहे म्हणून एस्केप न करता (म्हणजे त्यातली एचटीएमएलची चिन्हं निष्प्रभ न करता) छापू नका.

शेवटची अडचण नव्या सर्व्हरवरच दिसते. ॲप सुरू होतानाच भाषांतरं वाचायला गेलं, तर टेबल अजून बनलेलं नसतं आणि ते बनवणारं मायग्रेशनच एरर देऊन थांबतं. त्यामुळे सुरुवातीला काहीच वाचू नका आणि मूळ भाषेची एक फाइल कोडसोबत राहू द्या.