ट्रेड ब्लॉकच्या करारात कामगाराच्या वाट्याला काय आलं, हे कसं शोधायचं

ईयू (युरोपियन युनियन), मर्कोसुर (दक्षिण अमेरिकेतला गट), आसियान (आग्नेय आशियातला) अशा ट्रेड ब्लॉकचा, म्हणजे आपसात व्यापार सोपा करणाऱ्या देशांच्या गटाचा, विषय आला की उत्तरपत्रिकेत एक वाक्य हमखास असतं, "आर्थिक विकास आणि सामाजिक न्याय यांचा समतोल साधला पाहिजे". साधायचा कोणी आणि कोणाच्या पैशाने, ते मात्र कोणी लिहीत नाही. म्हणून असा करार समोर आला तर तो वाचायचा कसा ते लिहितोय, उदाहरणं जास्त युरोपची कारण तिथे हे भांडण सगळ्यात जुनं आहे आणि कोर्टाच्या कागदावर आहे.

प्रस्तावना सरळ सोडून द्या, तिथे सगळेच चांगलं बोलतात. कामगारांबद्दलचं कलम शोधा आणि आधी विचारा की हे कोणाला हवं होतं, आणि का. १९५७ च्या रोम करारात (ज्यातून पुढे ईयू झाली) कलम ११९ होतं, बाई आणि पुरुषाला समान कामाला समान पगार. वाचून वाटेल केवढे पुरोगामी लोक, पण मेख अशी की फ्रान्समध्ये समान पगाराचा नियम आधीच होता आणि त्यांना धास्ती होती की शेजारचे देश बायकांना कमी पगारात राबवून स्वस्त कापड आपल्या बाजारात ओततील. म्हणजे कलम सामाजिक, भीती धंद्याची! नंतर बरीच वर्षं सगळ्या देशांनी टोलवाटोलवी केली, शेवटी सबेना या बेल्जियन एअरलाइनची हवाईसुंदरी गॅब्रिएल डेफ्रेन कोर्टात गेली (तिथे बायकांना चाळिशीला घरी बसवायचे, पुरुषांना नाही) आणि १९७६ मध्ये युरोपच्या कोर्टाने सांगितलं की या कलमाचा उद्देश आर्थिकही आहे आणि सामाजिकही, आणि त्याच्या जोरावर कोणीही आपल्या देशातल्या कोर्टात जाऊ शकतं. पण त्याच निकालात हेही म्हटलं की ज्यांनी आधीच दावा लावलाय ते सोडून बाकीच्यांना मागची थकबाकी मागता येणार नाही, कारण कंपन्यांवर एकदम बोजा पडेल. समतोल प्रत्यक्षात असा दिसतो, हक्क मान्य पण मागचा हिशोब माफ. मला हे फार पटत नाही, पण कोर्टाने लपवाछपवी केली नाही हे खरं.

मग बघायचं की बाजाराचा नियम आणि कामगाराचा हक्क समोरासमोर आले तर जिंकतं कोण. यासाठी लावाल केस वाचाच. २००४ मध्ये लाटव्हियाच्या लावाल या कंपनीने स्वीडनमध्ये वॅक्सहोमला शाळेच्या बांधकामावर आपले कामगार आणले, स्वीडिश युनियन म्हणाली आमच्या करारावर सही करा, कंपनी नाही म्हणाली, युनियनने साइटची नाकेबंदी केली. स्वीडनमध्ये किमान वेतनाचा कायदाच नाही, सगळं युनियनच्या करारावर चालतं, त्यामुळे नक्की किती पगार द्यायचा हे कायद्यात कुठेच नव्हतं. २००७ च्या डिसेंबरमध्ये कोर्टाने म्हटलं की संपाचा हक्क मूलभूत आहे, पण ही नाकेबंदी युरोपच्या खुल्या बाजाराच्या नियमात बसत नाही. यावर युरोपभर बोंबाबोंब झाली आणि २०१८ मध्ये नियम बदलला, आता बाहेरून पाठवलेल्या कामगाराला नुसतं किमान वेतन नाही तर तिथल्या नियमाने लागू होणारे पगाराचे सगळे भाग द्यावे लागतात. याच्या विरोधात कोर्टात गेले कोण तर पोलंड आणि हंगेरी, आणि २०२० मध्ये हरले.

हे लक्षात ठेवा, कारण गरीब देशाला असा नियम बऱ्याचदा श्रीमंतांनी मागच्या दाराने घातलेली बंदी वाटतो आणि त्यात तथ्यही असतं. १९९६ ला सिंगापूरच्या डब्ल्यूटीओ (जागतिक व्यापार संघटना) बैठकीत व्यापाराला कामगार नियम जोडायला भारताचा विरोध होता तो याच कारणाने.

म्हणून पुढचा प्रश्न पैशाचा. ज्याचं नुकसान होणार त्याच्यासाठी गल्ला आहे का? ईयूच्या बजेटचा साधारण एक तृतीयांश भाग मागास भागांवर जातो. मर्कोसुरने गरीब सदस्य देशांसाठी फोसेम नावाचा फंड काढला, त्याच्या मूळ नियमात ७० टक्के पैसा ब्राझीलने घालायचा होता, पॅराग्वेने फक्त १ टक्का, आणि वाटपात पॅराग्वेचा हिस्सा ४८ टक्के, म्हणजे कागदावर तरी चोख काम, फक्त फंड वर्षाला १० कोटी डॉलरचा, एवढ्या देशांना तो किती पुरणार.

आणि तक्रारीचं दार आहे का ते बघा, इथेच बहुतेक करार उघडे पडतात. अमेरिका, मेक्सिको, कॅनडाच्या २०२० च्या करारात एकेका फॅक्टरीवर तक्रार करता येते. मेक्सिकोत सिलाओच्या जनरल मोटर्स प्लांटमध्ये २०२१ ला जुन्या युनियनच्या करारावरच्या मतदानात गडबड झाली, अमेरिकेने या कलमाखाली प्रकरण लावलं, पुन्हा मतदान झालं, कामगारांनी तो करार फेटाळला आणि २०२२ मध्ये नवी युनियन निवडून आणली. उलट आपल्या ईएफटीए (स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड, लिक्टेनस्टाइन यांचा गट) बरोबरच्या २०२४ च्या करारात कामगार आणि पर्यावरणाचं प्रकरण (चॅप्टर) आहे, पण ते वाद सोडवण्याच्या यंत्रणेच्या बाहेर ठेवलंय, म्हणजे मोडलं तर चर्चा करायची.

शेवटचं, माणूस हलला की त्याचे हक्क बरोबर जातात का. युरोपात एका देशात भरलेली पेन्शनची वर्षं दुसऱ्या देशात धरली जातात. आपला आणि जर्मनीचा असा करार २०१७ पासून आहे, त्यामुळे पुण्याच्या कंपनीने तिकडे पाठवलं तर निघायच्या आधी ईपीएफओकडून (प्रॉव्हिडंट फंडाचं ऑफिस) सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज, म्हणजे पैसे भारतातच भरले जातायत याचा दाखला, काढायला लावा, नाहीतर पेन्शनचे पैसे दोन्हीकडे कापले जातात.