निर्दोष सुटून घरी आलेल्या माणसाला कसं सांभाळावं

सुटकेच्या दिवशी गर्दी बोलावू नका. माझ्या धाकट्या भावाकडून चौकशीत न केलेल्या खुनाची कबुली वदवून घेतली होती. ती शिक्षा भोगून तो बाहेर आला, तेव्हा नातेवाइकांनी प्रेमापोटी घर भरून टाकलं आणि तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला. पहिले काही दिवस घरात मोजकी माणसं पुरेत. सत्कार नको, मुलाखती नकोत. भेटायला येणाऱ्यांना थांबवायचं काम घरातल्या एकानं अंगावर घ्यावं, त्याच्यावर सोडू नये.

सुरुवातीला तो दारापाशी येऊन थांबायचा. दार नुसतं लोटलेलं असलं तरी. वर्षानुवर्षं दुसऱ्यानं उघडलेल्या दारातूनच जायची सवय, त्यामुळे हात कडीकडे जायचाच नाही. अशा वेळी पुढे होऊन दार उघडून देऊ नका. शेजारी उभं राहा, "हो पुढे" म्हणा आणि वाट पाहा. निर्णयांचंही तसंच. "आज काय करूया?" या प्रश्नानं माझा भाऊ गोठून जायचा. "आधी आंघोळ की आधी जेवण?" असं विचारलं की उत्तर यायचं. दोनच पर्याय द्या आणि त्यानं निवडलेलं मोडू नका.

रात्री दिवा चालू ठेवणं, जमिनीवर झोपणं, ठरावीक वेळी उठून उभं राहणं हे सगळं चालू द्या. न केलेल्या खुनांसाठी फाशीची शिक्षा झालेले जपानचे इवाओ हाकामादा, फेरखटल्याचा आदेश झाल्यावर, 2014 साली तुरुंगातून सुटले आणि बहीण हिदेको यांच्याकडे राहू लागले. ते घरात तासन्‌तास येरझाऱ्या घालत. हिदेकोबाई त्यांना त्यांच्या मनासारखं वागू देत. न्यायालयानं निर्दोष ठरवलं ते 26 सप्टेंबर 2024 ला, वयाच्या 88 व्या वर्षी. सुटका आणि सुधारणा एकाच तारखेला होत नाहीत, हे मला त्या बहिणीकडे बघून पटलं.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. "केलंच नव्हतंस, तर कबूल का केलंस?" हा प्रश्न घरात कुणीही विचारायचा नाही. आईनं नाही, मुलांनी नाही. पण तो मनात येणारच, म्हणून उत्तर तुम्ही आधी समजून घ्या. झोप नाही, घरच्यांशी बोलणं नाही, समोरची माणसं बदलत राहतात, पुरावा सापडलाय म्हणून खोटं सांगतात. मग हळूच कुणीतरी म्हणतं, सही कर, सुटशील. त्या घटकेला माणसाला फक्त ती खोली संपायला हवी असते. आपण निर्दोष आहोत, खरं पुढे कळेलच, या भरवशावरही सही होते. हाकामादांना जवळपास 20 दिवस, रोज दहा-बारा तास छळून कबुली घेतली होती. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका तरुणीवर झालेल्या बलात्काराच्या प्रकरणात 1989 साली 14 ते 16 वर्षांच्या मुलांनी तासन्‌तासांच्या चौकशीनंतर गुन्हा कबूल केला. खऱ्या गुन्हेगाराची कबुली आणि डीएनए जुळल्यावर 2002 मध्ये त्यांची शिक्षा रद्द झाली. आणि कसिन या मानसशास्त्रज्ञाच्या 1996 च्या प्रयोगात तर कोठडीही नव्हती. नको ते बटण दाबून संगणक बंद पाडल्याचा खोटा आरोप विद्यार्थ्यांवर ठेवला, तर 69 टक्क्यांनी कबुलीवर सही केली. दाबलं एकानंही नव्हतं.

तो स्वतःहून विषय काढेल तेव्हा "का" हा शब्द टाळा. "किती वेळ बसवून ठेवलं होतं?", "पाणी दिलं का?" असं विचारा. त्यानं काय केलं हे नको, त्याच्यावर काय केलं गेलं ते विचारा. माझ्या भावानं पहिल्यांदा सांगितलं ते त्या खोलीतल्या खुर्चीबद्दल. तिचा एक पाय आखूड होता आणि रात्रभर तोल सांभाळत बसावं लागलं होतं. मी ऐकून घेतलं, मध्ये बोलले नाही.

कागदांचं काम मात्र थांबवू नका. निकालाच्या प्रमाणित प्रती चार-पाच काढा. नोकरी, घर, बँक, प्रवास, सगळीकडे लागतात. ओळखपत्रांची मुदत संपलेली असते, ती आधी नवी करा. जुन्या बातम्या इंटरनेटवर तशाच असतात. निकालाची प्रत जोडून संपादकांना बातमी दुरुस्त करायला लेखी कळवा. दात, डोळे, रक्तदाब लगेच तपासून घ्या. मनाच्या डॉक्टरांकडे नेण्याची घाई करू नका, पण टाळूही नका.

नुकसानभरपाईसाठी वकिलाला पहिल्या आठवड्यातच विचारा, कारण अर्जाला मुदत असते. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातलं कलम 14(6) भरपाईचा हक्क सांगतं, पण प्रत्येक देशाचा कायदा निराळा आहे. काही ठिकाणी तर "तुम्हीच कबुली दिली होती" म्हणून भरपाई नाकारतात. माझा सगळ्यात जास्त संताप यावर आहे. ज्यांनी कबुली वदवून घेतली, त्यांच्याच बाजूनं तीच पुन्हा पुढे केली जाते. म्हणून सुटकेच्या वेळी हातात ठेवलेल्या कुठल्याही कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको. हाती पैसे आले तरी काही महिने उसने, भागीदारी, गुंतवणूक सगळ्याला "नंतर बघू" म्हणा.

कामाला लागायच्या आधी मधल्या वर्षांबद्दल सांगायचं एक वाक्य त्याच्याच शब्दांत ठरवून घ्या आणि घरी मोठ्यानं म्हणून बघा. भावानं ठरवलं, "मला चुकीची शिक्षा झाली होती, न्यायालयानं निर्दोष ठरवलंय, निकाल सोबत आणलाय." त्यापुढचं विचारलं तर सांगायचं की नाही, ते त्यानंच ठरवायचं.