जुन्या जीपची ओळख पटवताना: आधी चासी, मग कागद

बेळगाव, निपाणी, खानापूर भागात शेडमध्ये पडून असलेली जुनी जीप बहुतेक वेळा नुसती ‘विलीज’ (जीप बनवणारी अमेरिकन कंपनी) म्हणून विकायला निघते. चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) एकीची, बॉडी दुसरीची, इंजिन तिसरीचं, असंही पुष्कळदा असतं. म्हणून आरसी हातात घेण्याआधी गाडीखाली शिरा.

पुढच्या जाळीत नऊ फटी असतील तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, सात असतील तर नंतरची सीजे, म्हणजे विलीजची नागरी जीप, असं म्हणतात. ते खरं आहे, पण जाळी बोल्टवर बसते आणि बदलता येते. चासी बदलणं अवघड, म्हणून रेडिएटरखालचा आडवा मेंबर बघा. युद्धकाळात तीच जीप विलीज ‘एमबी’ नावाने आणि फोर्ड ‘जीपीडब्ल्यू’ नावाने बनवत. तो गोल पाइपचा असेल तर विलीज एमबी. उलट्या ‘यू’सारखा असेल तर फोर्ड जीपीडब्ल्यू किंवा सीजे. फोर्डच्या कितीतरी बोल्टांवर आणि ब्रॅकेटांवर वळणदार ‘एफ’ अक्षर उठवलेलं असतं. पाच-सहा मूळ जागी ते सापडलं तर शंका उरत नाही. एकाच बोल्टवर मिळालं तर तो इकडचा तिकडे लागलेला असू शकतो.

नंबरासाठी विलीजची पट्टी डाव्या चासीच्या आतल्या बाजूला, बंपरच्या मागे रिव्हेटने ठोकलेली असते. फोर्डचा नंबर डाव्या चासीच्या वरच्या तोंडावर, इंजिन माउंटजवळ थेट पंच केलेला असतो. इथे ग्राइंडर अजिबात लावू नका, आधीच पुसट झालेला नंबर कायमचा जातो. रॉकेलात भिजवलेलं फडकं दोन-तीन तास ठेवा, पितळी ब्रशने हलकेच घासा, मग खडू आडवा फिरवा आणि टॉर्च बाजूने धरून फोटो काढा. आकडे वाकडेतिकडे, खोली कमी-जास्त, शेजारी वेल्डिंगची रेघ किंवा गुळगुळीत घासलेली जागा दिसली, तर व्यवहार तिथेच थांबवा. पट्टी गायब असेल तर निदान रिव्हेटची भोकं मूळ आहेत का ते बघा. डॅशबोर्डवरच्या चकाकत्या पाट्या बाजारात नव्या मिळतात, त्यांच्यावर भरवसा नको.

इंजिनचा नंबर ब्लॉकच्या उजव्या बाजूला पुढे, ऑइल फिल्टरजवळच्या सपाट भागावर असतो. विलीजमध्ये तो चासीच्या नंबराशी मुळातच जुळत नाही, त्यामुळे न जुळणं हा दोष नव्हे. फोर्डमध्ये मात्र कारखान्यातून दोन्ही एकच निघत.

बदलांचा माग भोकांतून लागतो. युद्धकाळातल्या जीपा डाव्या स्टिअरिंगच्या होत्या. उजवीकडे आणलेल्या गाडीच्या डाव्या चासीवर स्टिअरिंग बॉक्सची रिकामी भोकं आणि फ्लोअरवर पेडलची बुजवलेली खाच राहते. डिझेल इंजिन घातलेलं असेल तर जुना माउंट कापून नवा वेल्ड केलेला असतो, कधी फायरवॉलही (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) ठोकून मागे सारलेली असते.

रंगाचा इतिहास बघायचा तर डॅशबोर्डखाली, जिथे स्प्रे पोचत नाही तिथे, रुपयाएवढी जागा निवडा. मास्क लावून पाण्यासह १८०, मग ४००, शेवटी ८०० नंबरचा पॉलिश पेपर फिरवा. एकाखाली एक वर्तुळं उमटतात. सगळ्यात तळाशी मळकट हिरवा निघाला तर बॉडी लष्करी असण्याची शक्यता मोठी.

आता कागद. आरटीओतून बी-एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा उतारा, काढा. त्यात मालक कसे बदलले आणि इंजिनबदलाची नोंद झाली का, हे समजतं. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे त्याआधीची नोंदणी असेल तर ती मुंबई राज्याची. पुढची ‘एमवाय’ने सुरू होणारी म्हैसूर राज्याची. आजची केए-२२ बेळगावची, केए-२३ चिक्कोडीची. गाडी मध्येच कोल्हापूरच्या एमएच-०९ मध्ये गेली असेल तर दोन्हीकडचा उतारा लागेल. नोंदी कन्नडमध्ये असल्या तर कन्नड नीट वाचणाऱ्याकडून एकेक आकडा पडताळून घ्या.

ही मेहनत फुकट जात नाही. २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण हवीत, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल चालत नाही. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. डिझेल बसवलेली जीप इथेच अडते, म्हणून मूळ पेट्रोल इंजिन मिळेपर्यंत अर्ज भरू नका.