कब-बुलबुलांचं पथक हाती घेताना

भारत स्काऊट्स आणि गाईड्समध्ये पाच ते दहा वर्षांचे मुलगे म्हणजे कब आणि त्याच वयाच्या मुली म्हणजे बुलबुल. या वयोगटासाठी स्वयंसेवक म्हणून येणारे बहुतेक जण पहिल्याच दिवशी विचारतात, ‘आज मुलांना काय शिकवू?’ मी सांगते, आज मुलं काय करणार ते ठरवा, शिकणं त्यातून होतं.

सहा जणांचं एक षट्क, त्याला एक षटनायक, आणि अशी षट्कं मिळून पथक. कबांच्या प्रमुखाला कब मास्टर म्हणतात, बुलबुलांच्या प्रमुखाला फ्लॉक लीडर. कबांचा सगळा कार्यक्रम मोगलीच्या गोष्टीवर बेतलेला असल्याने मुलं प्रमुखाला ‘अकेला’ अशी, म्हणजे त्या गोष्टीतल्या लांडग्यांच्या नायकाच्या नावाने हाक मारतात. गोष्टीतलं जंगल मध्य प्रदेशातल्या सिवनीचं, म्हणजे आपल्या नागपूरला अगदी लागून. विदर्भातल्या मुलांना हे जरूर सांगा, डोळे चमकतात!

षटनायकाला खरं काम द्या. हजेरी त्याने घ्यावी, दोऱ्या त्याने वाटाव्यात, रांगेतली कुरबूर आधी त्याने मिटवून बघावी. नवीन माणूस मायेपोटी सगळं स्वतःच करत बसतो आणि नऊ वर्षांचं पोर नुसतं उभं राहतं.

किम्स गेम तर प्रत्येकाने खेळवावाच. ताटात वीसेक वस्तू मांडायच्या: चिंचोका, किल्ली, बटण, सुपारी, शिवणाची रीळ, खडू. मिनिटभर बघू द्यायचं, वर रुमाल टाकायचा आणि प्रत्येक षट्काने आठवतील तेवढ्या सांगायच्या. सुरुवातीला सगळे सगळंच पाठ करू बघतात आणि गोंधळतात. मग कुणीतरी कुजबुजतं, ‘तू लोखंडाच्या बघ, मी गोल गोल बघतो.’ ही युक्ती तुम्ही आधी सांगायची नाही. ती त्यांना सुचेपर्यंत गप्प राहणं हेच तुमचं त्या दिवशीचं काम.

बैठ्या खेळामागून धावता खेळ हवाच, पाच-सहा वर्षांचं मूल दहा मिनिटांवर एका जागी टिकत नाही. रीफ नॉट, म्हणजे दोन दोऱ्यांची टोकं जोडायची गाठ, शिकवताना दोन रंगांच्या दोऱ्या घ्या. डावी उजवीवर, मग उजवी डावीवर. एकाच रंगाच्या दोरीत चूक कुठे झाली ते मुलाला दिसत नाही.

पालकांचे फोन, मुलाची औषधं, कशाची अॅलर्जी, घरी न्यायला कोण येणार, हे सगळं वहीत लिहिलेलं हवं. एका मुलासोबत एकट्याने बंद खोलीत थांबायचं नाही, दुसरं मोठं माणूस कायम सोबत असावं. यात सवलत नाही.

पथकप्रमुखांसाठीचा प्रशिक्षणाचा बेसिक कोर्स करायचाच आहे, पण त्याआधी महिनाभर एखाद्या चालत्या पथकात सहायक म्हणून जा. तिथल्या मुलांची नावं पाठ करा, त्यांचे खेळ त्यांच्यात मिसळून खेळा. मग कोर्समध्ये विचारायला तुमच्याकडे खरे प्रश्न असतील.